खाणावळीची वही : स्थलांतरित आईच्या श्रमाचा हिशेब



मुळा नदीचे पूर्वेकडे पुण्याच्या दिशेने जाणारे पाणी मुळशीत अडवले गेले, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून कोकणातल्या भिऱ्याच्या वीजगृहात सोडले गेले, आणि त्यातून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. या तालुक्यातल्या माणसांची वाटही पुष्कळ अंशी तीच झाली. जिथे वीज गेली तिथेच मावळची माणसे गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी हमालीला, कोणी डबे पोचवण्याच्या धंद्यात. या सगळ्या उलथापालथीचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी पाठ आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस; बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती झाले. विनायकराव भुस्कुट्यांनी या सत्याग्रहाची हकिगत लिहून ठेवली आणि राजेंद्र व्होरांनी त्याचा अभ्यास करून जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणून तो जगापुढे ठेवला. पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे ११ हजार माणसे यांचा हा प्रश्न होता. तरीही ‘पुढे काय झाले’ असे विचारले की आपले उत्तर पुरुषाच्या मागे चालत जाते : तो कुठे गेला, कोणत्या कामाला लागला, त्याला किती मिळाले. उठलेली चूल दुसऱ्या जागी कोणी मांडली, नव्या जागी पहिल्या दिवशी पाणी कुठून आणले, मुले कोणाच्या भरवशावर ठेवली, उधारी कोणाच्या शब्दावर मिळाली, हे प्रश्न आपण विचारतच नाही. आजच्या व्याख्यानात मला एकच गोष्ट मांडायची आहे. घर सोडून परमुलखात गेलेल्या कुटुंबातल्या आईने जे केले त्याला आपण त्याग म्हणत आलो. ते काम होते. कसबाचे होते, पैशाच्या हिशेबात बसणारे होते आणि त्याच्यावाचून एकही स्थलांतर तडीला गेले नसते. त्याची मोजदाद व्हायला हवी.

आपली भाषाच आधी तपासून पाहावी. कुटुंबासाठी जन्म घालवलेल्या बाईबद्दल मराठीत आपण काय म्हणतो? तिने खस्ता खाल्ल्या, हाडांची काडे केली, चंदनासारखी झिजली, पोटाला चिमटा घेतला, पदर खोचून उभी राहिली. शेवटचा एक सोडला तर हे सगळे वाक्प्रचार कमी होण्याचे आहेत. तिचे शरीर किती खर्ची पडले ते सांगतात, तिने उभे काय केले ते सांगत नाहीत. सुताराने घर बांधले तर आपण त्याचे घर दाखवतो, त्याचे हात किती झिजले ते सांगत बसत नाही. आईच्या बाबतीत मात्र झिजणे हेच कर्तृत्व ठरते आणि तिने घडवलेली वस्तू, म्हणजे चालते घर, आपोआप उगवल्यासारखी समजली जाते. ही भाषा प्रेमापोटी आलेली आहे आणि मी तिला खोटी म्हणत नाही. पण तिचा एक परिणाम होतो. जे झिजणे आहे त्याची किंमत विचारणे अभद्र वाटू लागते, आणि किंमत विचारली नाही की भरपाई देताना ते खाते कोरे राहते.

मुळशीत नेमके हेच घडले. धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्याला दिसत होती जमीन आणि त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध कागदावर आहे तो माणूस. इथल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या, त्यामुळे कसणाऱ्या कुळाच्या हातात फारसे काही पडले नाही. सावकारांपैकी अनेकांना तर रोख मोबदलाच हवा होता, आणि लढा दुबळा होण्याचे ते एक मोठे कारण ठरले. कुळाची ही स्थिती, तर कुळाच्या बायकोची काय असणार? हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क देणारा कायदा १९३७ चा, वारसाहक्काचा कायदा १९५६ चा. १९२१ मध्ये खाचराच्या कोणत्याच कागदावर ती नव्हती. आता त्याच खाचरात ती काय करत होती ते पाहा. मावळातले भात नुसते पेरून येत नाही. उन्हाळ्यात पाला, फांद्या, शेण, गवत पसरून राब भाजायचा, त्या भाजलेल्या जागेत रोप टाकायचे, आणि पाऊस लागला की गुडघाभर चिखलात वाकून रोप उपटून, जुड्या बांधून, पुन्हा खाचरात लावायचे. कोणत्या खाचरात पाणी किती ठेवायचे, रोप किती दिवसांचे झाले की काढायचे, आंबेमोहोराला किती अंतर द्यायचे, पुढच्या सालचे बियाणे कोणत्या कणगीत राखायचे, हे ज्ञान मोठ्या प्रमाणात बायकांच्या हातात होते. मावळच्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कीर्तीच्या मुळाशी हे हात आहेत. खाचर बुडाले तेव्हा जमिनीचा दर ठरला. या कसबाचा दर ठरला नाही, कारण ते कसब आहे असेच कोणी समजत नव्हते. त्याबरोबर माहेरच्या वाटा गेल्या, पैरा गेला, बाळंतपणाला धावणारी शेजारीण गेली, ओळखीचा वाणी गेला. जी बाई गावात राहून संसार करते तिच्या पाठीशी ही सगळी व्यवस्था उभी असते. जी गाव सोडून जाते तिला ती शून्यातून पुन्हा बांधावी लागते. ‘सगळ्याच आया हे करतात, स्थलांतरित आईचे वेगळे काय?’ असे विचारले जाते, त्याचे उत्तर या फरकात आहे.

मुंबईत १९२१ च्या जनगणनेला दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे शहरातले पुष्कळ पुरुष आपले कुटुंब कुठेतरी मागे ठेवून आलेले होते. गिरणीचा पगार दोन ठिकाणचे पोट भरायला पुरत नसे. तो पुरला याचे कारण गावात उरलेल्या बाईने शेताचा तुकडा, म्हातारी माणसे आणि लेकरे आपल्या अंगावर घेतली. मजूर गावी पोसला जात होता, आजारी पडला की गावी जात होता, संप झाला की गावी जाऊन खात होता. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडला तो या न दिसणाऱ्या अंगमेहनतीमुळे. हा झाला मागे राहिलेल्या आईचा वाटा. जी मुंबईला आली तिच्यापुढे दोन रस्ते होते. एक गिरणीत जाण्याचा : विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचांत एक बाई होती, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. पुढे यंत्रे बदलली, खाती आवळली आणि त्यांचा आकडा घसरत गेला. १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा बायकांच्या भल्यासाठी होता, तरी त्याचा खर्च नको म्हणून बायकाच नकोत असे म्हणणारे मालकही निघाले. दुसरा रस्ता घरातून निघत नव्हता, घरातच संपत होता. त्याचे नाव खाणावळ.

गिरणगावातली ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. चाळीतली दहा बाय बाराची एक खोली, एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. त्यातच नवरा, मुले, एखादा दीर, आणि जेवायला बाहेरची दहा-पंधरा माणसे. गावकीच्या खोल्यांत दाटीने राहणारे, पाळीपाळीने झोपणारे एकटे कामगार महिन्याच्या बोलीवर हिच्याकडे जेवत. पहिल्या पाळीचा माणूस भोंग्याआधी डबा घेऊन निघणार, म्हणून ती पहाटे चारच्या आत उठलेली असणार. नळाला पाणी ठरल्या वेळीच, म्हणून पिंप आणि हंडे त्याआधी रांगेत. भाकरीचे पीठ मळतानाच आमटीला फोडणी. पहिली पाळी गेली की दुसरीचे जेवण, मधल्या वेळात दळण, निवडणे, रेशनच्या रांगेत रॉकेल. रातपाळीचा माणूस सकाळी परतेल त्याचा वाटा झाकून ठेवायचा. कोकणातल्याला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी हवी, कोणाचा उपवास, कोणाचे पोट बिघडलेले; हे सगळे त्याच दोन हातांनी आणि त्याच एका चुलीवर. आता या दिवसाकडे नीट पाहा. यात खरेदी आहे, साठा आहे, वेळापत्रक आहे, ग्राहकाची आवड सांभाळणे आहे, आणि महिनाभर उधारीवर माल देऊन पगाराच्या तारखेला वसुली करणे आहे. हेच काम पुरुषाने बाजारपेठेत गाळा घेऊन केले असते तर त्याला आपण उद्योजक म्हटले असते. तिने ते स्वतःच्या खोलीत केले म्हणून ती ‘चार माणसांना जेवू घालणारी’ एवढीच राहिली.

उधारीचा मुद्दा इथे थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे. कामगार महिनाभर खाणार आणि पगार झाला की पैसे देणार. म्हणजे एक महिन्याचे खेळते भांडवल खाणावळवालीचे. ते ती आणणार कुठून? वाण्याकडून उधारीने, किंवा जबर व्याजाने सावकाराकडून, किंवा अंगावरचा डाग गहाण टाकून. गिरणगावाचा पोटाचा पतपुरवठा असा बायकांच्या मंगळसूत्रावर चालत होता. साधारण महिन्यात तो कसाबसा जमून येई. संप झाला की सगळा भार तिच्यावर कोसळे. १९७४ मध्ये गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद होता, जेवण बंद झाले नाही. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव, ज्या गोवामुक्तीच्या लढ्यात गोळी झेलून आल्या होत्या, त्यांनी हे जवळून पाहिले. संप लढवणाऱ्या माणसाला जी जेवू घालते ती स्वतः कर्जात बुडते आणि कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रात तिचे नाव नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पहिल्या १४ बायकांना बँक ऑफ बडोदाचे दर डोई १५०० रुपयांचे कर्ज मिळाले. तारण काही नव्हते. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. बँकेत जाण्यासाठी या बायकांना पहिल्यांदा लिहून द्यावे लागले की माझ्याकडे किती माणसे जेवतात, महिन्याचा शिधा किती लागतो, येणे किती, देणे किती. काम तेच होते, वर्षानुवर्षे चाललेले. ते कागदावर आले आणि त्याच क्षणी ते धंदा ठरले, त्याला पत मिळाली. मोजल्याने काय होते, असे जे विचारतात त्यांना मी हे १४ अर्ज दाखवीन. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि अनेक खाणावळी त्यात कायमच्या बसल्या. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, कामगारांना घरे किती मिळाली, याची चर्चा आजही होते. खाणावळवालीच्या बुडालेल्या येण्याची चर्चा कुठल्याही वाटाघाटीत झाली नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा असता तर त्याला आपल्या रूढींचा दोष म्हणून सोडून देता आले असते. तसे नाही. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत इटलीतून सुमारे १ कोटी ४० लाख माणसे बाहेर पडली. दक्षिणेकडच्या गावांत मागे उरलेल्या बायकांना लोक ‘पांढऱ्या विधवा’ म्हणत : नवरा जिवंत, पण समुद्रापार. ज्या आया न्यूयॉर्कला पोचल्या त्यांनी कोंदट इमारतींतल्या दोन-तीन खोल्यांत आपल्याच गावाकडचे एकटे पुरुष पोटभाडेकरू म्हणून ठेवले, त्यांना जेवू घातले, त्यांचे कपडे धुतले. गिरणगावची खाणावळ आणि ही इटालियन आईची खोली यांत भाकरी आणि पास्ता एवढाच फरक. त्याशिवाय घरी बसून कपड्यांना काजे करणे, कागदी-कापडी फुले बनवणे ही कामे मुलांना बरोबर घेऊन रात्री उशिरापर्यंत चालत. अमेरिकन सरकारने १९०७ मध्ये स्थलांतरितांची चौकशी करायला आयोग नेमला. १९११ मध्ये त्याचे ४१ खंड बाहेर पडले, त्यांत पोटभाडेकरू ठेवणाऱ्या घरांचे तक्ते आहेत. लुईस हाइन या छायाचित्रकाराने घरकामात गुंतलेल्या आया आणि मुले टिपली, आणि फोटोखाली काम कोणते, किती वेळ, मिळकत किती हेही नोंदवले. त्या नोंदींमुळेच आज इटालियन स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याला आई नुसती भक्तीची मूर्ती म्हणून भेटत नाही, कमावणारी म्हणून भेटते. तिथल्याही जनगणनेने मात्र अशा असंख्य बायकांच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना मोकळा ठेवला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. आयोगाने विचारले तिथे उत्तर मिळाले, जनगणनेने विचारले नाही तिथे ती बाई घरात बसून असल्याचे ठरले.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला पुराव्याचा. तुम्ही म्हणता तसे असेलही, पण कागद कुठे आहे? इतिहास म्हणजे दस्त. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मुळशीच्या सत्याग्रहात बायका होत्या, तुरुंगातही गेल्या. तरी एखाद-दुसरे नाव सोडले तर त्यांची यादी आज कोणाला तोंडपाठ नाही, हे खरे आहे. पण नोंद नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे. दर हजारी सव्वापाचशे हा आकडा स्वतःच सांगतो की उरलेल्या पुरुषांचे जेवण कोणीतरी शिजवत होते आणि त्यांची मुले कोणीतरी दुसरीकडे वाढवत होते. शिवाय तोंडी साक्षींचे मोल आता कोणी नाकारत नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांची बोलणी जमवून त्यांतूनच त्या वस्तीचा इतिहास उभा केला. जो आपण विचारलाच नाही त्या प्रश्नाचे उत्तर नाही, ही विचारणाऱ्याची उणीव आहे.

दुसरा आक्षेप अधिक आतून येतो आणि तो अनेकदा बायकाच घेतात. आईच्या मायेला पैशात तोलणे म्हणजे घराचा बाजार करणे नाही का? याला सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर मला समाधानकारक वाटते. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला एका समारंभात आग लागली, अनेक बायका आणि मुले त्यात गेली. गृहिणी गेली तर भरपाई कशाच्या आधारे द्यायची, असा पेच उभा राहिला. २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात न्यायालयाने गृहिणी कुटुंबाला देत असलेल्या सेवेचे मोल महिन्याला ३००० रुपये धरले. रक्कम तेव्हाही तोकडी होती. २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी हाच विचार पुढे नेला. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका जवळपास १६ कोटी आणि पुरुष ५८ लाखांच्या आसपास, हे त्यांनी निकालात नोंदवले. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामाला बायका दिवसाची २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, हेही नोंदवले. न्यायालयाने माया विकत घेतली नाही. ती बाई गेल्यावर त्या घराचे काय थांबले एवढे पाहिले. माया अमोल आहे हे मान्य. पण अमोल म्हटलेल्या गोष्टीचा भरपाईच्या तक्त्यात भाव शून्य लागतो, हा आपला शंभर वर्षांचा अनुभव आहे. मुळशीच्या खाचरावर तो लागला आणि १९८२ च्या खाणावळीवरही लागला.

तिसरा आक्षेप स्त्रीमुक्तीच्या बाजूने येतो आणि सगळ्यांत जड तोच आहे. घरासाठी राबणाऱ्या आईचा असा गौरव केला तर तिला चुलीलाच आणखी घट्ट बांधल्यासारखे होणार नाही का? तिने हे आनंदाने निवडले होते का? पुष्कळदा नव्हते. पहाटे चारला उठणारी बाई कधी नवऱ्याच्या दारूपायी उठत होती, कधी दुसरा मार्गच नव्हता म्हणून. तिच्या प्रत्येक कष्टाला मी स्वेच्छेने केलेली निवड म्हणणार नाही. तसे म्हणणे तिच्यावर अन्याय होईल. पण म्हणूनच मी त्यागाचा शब्द बाजूला ठेवून कामाचा शब्द धरतो आहे. त्याग हा गुण झाला, आणि गुणाची वाटणी करता येत नाही. कामाची करता येते. २९९ मिनिटे आणि ९७ मिनिटे शेजारी मांडली की त्यातली काही मिनिटे इकडून तिकडे सरकवता येतात, त्यासाठी पाळणाघर मागता येते, नळाची वेळ बदलून मागता येते, वेतन आणि पेन्शन मागता येते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेने हेच केले : शेतात राबणाऱ्या बायकोची स्तुती पुरे, सातबाऱ्यावर तिचे नाव लावा, असे पुरुषांना सांगितले, आणि पुष्कळांनी ते लावले. स्तुतीने ती जिथे होती तिथेच राहिली असती. नोंदीने ती जमिनीची धनीण झाली.

हे सारे मी या तालुक्यात उभा राहून बोलतो आहे, आणि मुळशी आता माणसे पाठवणारा तालुका उरलेला नाही. हिंजवडी आणि माणमध्ये आयटी पार्क झाला, पिरंगुटला कारखाने आले, भूगाव-भुकूमला इमारती उठल्या. त्या इमारतींवर विटा वाहणाऱ्या बायका मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून, छत्तीसगडमधून येतात. पत्र्याच्या खोलीत चूल मांडतात, टँकरच्या वेळेला हंडे लावतात, लहान मूल मोठीच्या काखेत देऊन मजल्यावर चढतात. आपली आजी-पणजी ज्या जागी होती त्या जागी आज त्या आहेत, आणि यजमान आपण आहोत. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याच्या कलम ३५ ने सांगितले होते : ५० पेक्षा अधिक बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर पाहिजे. कायद्याचे कलम आणि जागेवरचे पाळणाघर यांतले अंतर पाहायला आपल्याला लांब जायला नको. आणि ७ जून २०२१ हा दिवस या तालुक्याने विसरता कामा नये. उरवडे येथील रासायनिक कारखान्याच्या आगीत १७ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य बायका होत्या. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ ला ट्रँगल कारखान्याच्या आगीत १४६ जीव गेले, बहुतेक इटालियन आणि ज्यू स्थलांतरित मुली नि बायका. तिथे दरवर्षी त्या दिवशी त्यांची नावे वाचली जातात, त्या राहत होत्या त्या घरांसमोर खडूने लिहिली जातात. एकशेदहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन आगी एकसारख्या म्हणणे बरोबर नाही. पण त्यांच्यामागची घरे सारखी आहेत : बाईच्या रोजावर चालणारी, आणि तो रोज आणून संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या बळावर चालणारी.

कायदा थोडा पुढे सरकला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांना स्वतंत्र कुटुंब मानले आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. त्याआधीच्या आयांसाठी सरकार काही करणार नाही. ते काम इथे बसलेल्यांचे आहे. धरणाखाली गेलेल्या गावांच्या वंशजांची मंडळे आहेत, मुंबईत गावकीच्या जुन्या खोल्यांचा पत्ता सांगणारी माणसे अजून आहेत, ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्या अजून आहेत. प्रत्येक गावाने एक वही घालावी. तिला तीन रकाने पुरेत : बाईचे नाव आणि माहेर, गाव सोडल्यावर चूल कुठे मांडली, आणि तिच्या हातचे रोज किती माणसे जेवत. तिसरा रकाना जावयाला किंवा मुलाला विचारून भरू नका. ती हयात असेल तर तिलाच विचारा, नसेल तर तिच्या सुनेला. आणि त्याच वहीच्या मागच्या बाजूने उलटीकडून दुसरी यादी सुरू करा, आज आपल्या गावाच्या हद्दीत पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या आयांची. पावसाळा सुरू व्हायच्या आत ती सुरू करा. पाऊस लागला की पुष्कळ कामे थांबतात, वस्त्या हलतात आणि त्या बायका पुढच्या गावाला निघून जातात.